सनद कुठे आहे?

आमच्या घरातल्या लोखंडी ट्रंकेत, अम्मीच्या निकाहच्या शालूखाली, एक कागद असायचा. मोडीत लिहिलेला, चार घड्या पडलेला, कडांना वाळवी लागलेला. लहानपणापासून ऐकत आलो की ही ‘महाराजांच्या हातची सनद’ आहे. आमच्या पूर्वजांना गावची मुलाणकी मिळाली, तिच्यासोबत थोडी इनाम जमीन मिळाली, त्याचा हा पुरावा. वर्षातून एकदा ट्रंक उन्हात ठेवताना अब्बा तो कागद दोन्ही हातांनी बाहेर काढत, आम्हाला लांबूनच दाखवत आणि परत ठेवून देत. घरात मोडी कोणालाच येत नव्हती. तरी कागदात काय लिहिलंय ते सगळ्यांना पाठ होतं.

२०२१च्या शिवजयंतीला मी त्या कागदाचा फोटो समाजमाध्यमावर टाकला. सोबत चार अभिमानाच्या ओळी लिहिल्या. संध्याकाळपर्यंत शेकडो लोकांनी तो पुढे पाठवला. कुणी लिहिलं, ‘हाच खरा महाराष्ट्र.’ कुणी लिहिलं, ‘डोळे पाणावले.’ रात्री दुसरी पलटण आली. ‘कागद बनावट आहे’, ‘आधी कुठून आलात ते सांगा’, आणि इथे लिहिता येणार नाही असं बरंच काही. मी उत्तरं देत बसलो. पहाटे दोनपर्यंत बसलो.

आज मागे वळून पाहताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. त्या शेकडो माणसांपैकी एकानेही तो कागद वाचला नव्हता. कौतुक करणाऱ्यांनी नाही, शिव्या देणाऱ्यांनी नाही आणि मीही नाही.

मी समाजमाध्यमं सोडली त्याला आता बराच काळ झाला. का सोडली याचं एक उत्तर सोपं आहे. जून २०२३मध्ये कोल्हापुरात काही मुलांच्या मोबाइलवरच्या ‘स्टेटस’वरून वातावरण तापलं, ७ जूनला बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. त्या आठवड्यात आमच्या मोहल्ल्यात घरोघरी एकच काम चाललं होतं. आयाबहिणी मुलांचे फोन मागून घेत होत्या आणि आत काय आहे ते तपासत होत्या. सोळा-सतरा वर्षांची पोरं. ज्या बादशहाला मरून तीनशेहून जास्त वर्षं झाली, त्याचं नाव फोनमध्ये सापडेल की काय, या भीतीने आई रात्रभर जागी. इतिहास हा विषय माझ्या आवडीचा. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की हा विषय आपल्या घरात नको.

पण हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं सांगायला मला लाज वाटते, म्हणून तेच आधी सांगायला हवं.

त्या माध्यमावर मी स्वतः काय करत होतो? शिवाजी महाराजांच्या सैन्यात ‘इतके टक्के’ मुसलमान होते, हा आकडा मी अनेकदा पुढे पाठवला आहे. कधी आकडा एक असे, कधी दुसरा. मला त्याने फरक पडत नव्हता. आकडा मोठा असला की बरं वाटायचं, एवढं पुरे होतं. समोरचा माणूस ‘तुमचा इतिहास’ म्हणून टोमणा मारणार आणि मी खिशातून टक्केवारी काढणार. मला इतिहास नको होता, ढाल हवी होती. आणि ढाल कशाची बनवली आहे हे लढाई चालू असताना कुणी तपासत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की, समाजमाध्यम सोडणं म्हणजे फक्त द्वेष करणाऱ्यांपासून दूर होणं नव्हे. आपल्याला गोड लागणाऱ्या खोट्यापासूनही दूर होणं आहे. पहिलं सोपं जातं, दुसरं जड.

सोडल्यावर पहिले दोन-तीन महिने हात नुसते शिवशिवत होते. मग खरी अडचण पुढे आली. प्रश्न संपत नाहीत. ते पूर्वी माध्यमावर टाकत होतो, आता कुठे टाकायचे? मी काही प्राध्यापक नाही. विद्यापीठात ओळख नाही. तालुक्याच्या वाचनालयात कादंबऱ्या खूप, साधनग्रंथ थोडे. अशा माणसाने मालोजीराजांच्या मुलांच्या नावाबद्दलची शंका कोणाला विचारावी?

शोधता शोधता कळलं की इंटरनेट म्हणजे फक्त दोन-तीन मोठी माध्यमं नव्हेत. आपण बाजारपेठेच्या मुख्य रस्त्यालाच गाव समजून बसलो होतो. मागच्या गल्ल्यांत अजून माणसं राहतात.

पहिली गल्ली सापडली ती ‘आस्कहिस्टोरियन्स’. गंमत म्हणजे हीदेखील रेडिट नावाच्या एका मोठ्या माध्यमाच्याच पोटात आहे, पण तिथला कारभार वेगळा. २०११ साली सुरू झालेली ही जागा, आज तिचे वीस लाखांहून अधिक सदस्य आहेत. तिथे कुणीही प्रश्न विचारू शकतो. उत्तर मात्र कुणीही, कसंही देऊ शकत नाही. एका ओळीचं उत्तर काढून टाकतात. ‘आमचे आजोबा सांगायचे’ हा पुरावा धरत नाहीत. मागितल्यावर संदर्भ द्यावा लागतो. प्रश्नाच्या आडून भाषण करायला बंदी आहे. गेल्या वीस वर्षांतल्या घटनांवर चर्चाच करायची नाही, असा नियम आहे, म्हणजे आजचं राजकारण आपोआप दाराबाहेर राहतं. एखाद्या प्रश्नाखाली पन्नास प्रतिक्रिया दिसतात आणि उघडून पाहावं तर जवळजवळ सगळ्या काढून टाकलेल्या. नव्या माणसाला हे स्मशानासारखं वाटतं. मला आधी तसंच वाटलं. नंतर लक्षात आलं की ही शांतता कुणीतरी कष्टाने राखली आहे. ही सगळी निगराणी स्वयंसेवक करतात, पगार न घेता.

दुसरी जागा ‘स्टॅक एक्स्चेंज’चा इतिहास विभाग. तिथे प्रश्न विचारण्याआधी तुम्ही स्वतः काय शोधलंत ते सांगावं लागतं. ही सवय मला फार उपयोगी पडली. अर्धे प्रश्न विचारायची वेळच येत नाही, कारण शोधताना उत्तर सापडतं. मात्र तिथे उत्तरांना मतं मिळतात, आणि मतं मिळाली की उत्तर बरोबरच असेल असं नाही.

तिसरी जागा आपल्या रोजच्या वापरातली, पण आपण तिचा पुढचाच दरवाजा पाहिलेला असतो. विकिपीडियावरच्या प्रत्येक लेखाला एक चर्चापान असतं आणि ‘इतिहास पहा’ अशी एक कळ असते. लेखात कुणी, कधी, कोणता शब्द बदलला हे त्या कळीखाली दिसतं. वादग्रस्त ऐतिहासिक व्यक्तींची चर्चापानं वाचायला बसलो की मला लेखापेक्षा जास्त कळतं. कुठल्या वाक्यावर भांडण झालं, कोणता संदर्भ टिकला, कोणता पडला.

आणि चौथी आपली मराठी ठिकाणं. मायबोली १९९६पासून चालू आहे. म्हणजे आज ज्या माध्यमांना आपण इंटरनेट समजतो, त्यांच्यातल्या बहुतेकांपेक्षा वयाने मोठी. मिसळपाव, ऐसी अक्षरे ही पुढची भावंडं. तिथे इतिहासावरचे जुने धागे अजून वाचायला मिळतात. माणसं तीन-तीन पानं लिहितात, दुसरा चौथं पान लिहून खोडतो, तिसरा बखरीतला उतारा काढून दोघांना गप्प करतो. भांडणं तिथेही होतात, आणि जोरात होतात. पण दहा वर्षांपूर्वीचं भांडण आज शोधून वाचता येतं, त्यातून शिकता येतं. मोठ्या माध्यमावर कालचं भांडण आज सापडत नाही, म्हणून तेच भांडण रोज नव्याने करावं लागतं. माझ्या मते हा फरक सगळ्यात मोठा. ज्या जागेला स्वतःची आठवण नाही, तिथे इतिहासावर बोलणं म्हणजे वाळूवर हिशेब मांडणं.

आता माझ्या टक्केवारीकडे येतो.

अशाच एका कडक नियमांच्या ठिकाणी मी धीर करून तो आकडा मांडला आणि विचारलं, हा बरोबर आहे का? उत्तर आलं ते प्रश्नाच्या रूपात. ‘कोणत्या कागदावरून? त्या काळात सैन्याची धर्मवार मोजणी कुणी केली होती का?’ एवढंच. टोमणा नाही, शिवी नाही. मला मात्र दोन दिवस राग आला. हा कोण मला विचारणारा? तिसऱ्या दिवशी राग उतरला, कारण प्रश्न बरोबर होता. अशी मोजणी मलाच कुठे सापडत नव्हती. मग टक्का आला कुठून? कुणीतरी, कदाचित चांगल्या हेतूने, अंदाजाला दशांश जोडून दिला असावा.

खरं तर मला हे बाहेरच्या कुणी शिकवण्याची गरज नव्हती. हदीसच्या अभ्यासात मूळ वचनाइतकंच महत्त्व सांगणाऱ्यांच्या साखळीला असतं. अमक्याने तमक्याकडून ऐकलं, तमक्याने आणखी कुणाकडून. या साखळीला इस्नाद किंवा सनद म्हणतात. साखळीतला एक दुवा कच्चा निघाला की वचन ‘जईफ’ ठरतं, रचलेलं निघालं तर ‘मौजू’. वचन कितीही सुंदर असो. लोकांनी नेक वागावं म्हणून चांगल्या हेतूने वचनं रचणारेही त्या काळी होते, आणि हदीसच्या जाणकारांनी त्यांचीही गय केली नाही. हेतू चांगला होता हा बचाव तिथे चालत नाही. मी मदरशात हे शिकलो, परीक्षेत लिहिलं, आणि फोन हातात आल्यावर विसरलो.

सैन्याच्या आकड्यांचीच गोष्ट काढायची तर इब्न खलदूनने १३७७ साली आपल्या ‘मुकद्दिमा’च्या सुरुवातीलाच ती काढली आहे. मूसा अलैहिस्सलाम यांच्यासोबत सहा लाखांहून अधिक लढवय्ये होते, असं आधीच्या इतिहासकारांनी लिहून ठेवलेलं. इब्न खलदून विचारतो, एवढं सैन्य त्या प्रदेशात उभं तरी राहील का? एका टोकाला काय चाललंय ते दुसऱ्या टोकाला कळेल का? चार पिढ्यांत एका कुटुंबाची एवढी माणसं होतील का? साडेसहाशे वर्षांपूर्वीचा हा माणूस आज असता, तर माझ्यासारख्यांचे संदेश पाहून त्याने कपाळाला हात लावला असता.

गेल्या शिवजयंतीच्या आधी माझ्या भाच्याचा फोन आला. शाळेत त्याचं भाषण होतं. ‘मामू, मदारी मेहतरवर बोलू का?’ आग्र्याला महाराज नजरकैदेतून निसटले तेव्हा हिरोजी फर्जंद त्यांच्या जागी झोपला आणि मदारी मेहतर त्याचे पाय चेपत बसला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली. मुसलमान घरात तर जरा जास्तच प्रेमाने. पूर्वीचा मी असतो, तर दोन मिनिटांत त्याला तयार मजकूर पाठवून दिला असता.

या वेळी मी म्हटलं, चार दिवस थांब. मग वाचत गेलो. १६६६च्या आग्रा प्रकरणाची समकालीन माहिती देणारी राजस्थानी पत्रं आहेत, जयपूर दरबारच्या माणसांनी आग्र्याहून लिहिलेली. यदुनाथ सरकार आणि रघुवीर सिंह यांनी ती प्रसिद्ध केली. आग्र्यात रोज काय घडत होतं ते त्यांत बारकाईने येतं. मदारी मेहतर मात्र अशा समकालीन साधनांत भेटत नाही. तो नंतरच्या परंपरेतून येतो. म्हणजे तो नव्हताच असं ठामपणे म्हणता येत नाही. पण होता असं छातीठोकपणे सांगायला सनद नाही.

भाचा हिरमुसला. ‘मग मी बोलू काय?’

मी म्हटलं, जे पक्कं आहे ते बोल, ते कमी नाही. प्रतापगडाच्या भेटीच्या वेळी महाराजांसोबत जे दहा निवडक लोक होते, त्यांची नावं ‘शिवभारता’त दिली आहेत. कवींद्र परमानंदांचं हे काव्य महाराजांच्या हयातीतलं. त्या दहांत सिद्दी इब्राहिम हे नाव आहे. पायदळाचा सरनोबत म्हणून नूरबेगाचं नाव सभासद बखरीत येतं. १६७९ला खांदेरीवर इंग्रजांशी झुंज झाली, तेव्हा आरमारात दौलतखान होता, आणि ही गोष्ट खुद्द शत्रूच्या, म्हणजे इंग्रजांच्या कागदांत नोंदलेली आहे. आणि एवढं सांगून थांबू नकोस. जंजिऱ्याचा सिद्दी आयुष्यभर महाराजांशी लढला, हेही सांग. पुरंदरच्या तहासाठी महाराजांना भाग पाडणारा मोगलांचा सेनापती मिर्झाराजे जयसिंग होता, हेही सांग. त्या काळी माणसं कोणाच्या बाजूने लढली याचं गणित आजच्या फोनमधल्या गणिताने सुटत नाही, एवढं मुलांना कळलं तरी भाषण झालं.

त्याने ते भाषण केलं. बक्षीस मिळालं नाही. टाळ्याही बेताच्याच पडल्या म्हणे. पण कार्यक्रमानंतर त्याच्या इतिहासाच्या सरांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, ‘ती खांदेरीची नोंद कुठे वाचलीस?’ ते सांगताना त्याचा आवाज मी फोनवर ऐकला. माझ्या हजारभर ‘लाइक’च्या दिवशी मला जे वाटलं होतं, त्याहून हे वेगळं होतं. त्याला ढाल मिळाली नव्हती, पाय टेकायला जमीन मिळाली होती.

आता काही आक्षेप. ते माझ्या मित्रांनी घेतले आहेत आणि ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप, मैदान सोडून पळालात. तिथे रोज खोटं पसरतंय, त्याला उत्तर कोण देणार? मी मान्य करतो की तिथे राहून, शिव्या खाऊन, शांतपणे संदर्भ देणारी काही माणसं आहेत आणि त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. सगळ्यांनी सोडावं असं मी म्हणत नाही. पण माझ्यापुरतं सांगतो, मी खोट्याला उत्तर देत नव्हतो, त्याला प्रवासासाठी गाडी देत होतो. ज्या माणसाने ते ऐकलं नव्हतं, त्यालाही माझ्या रागावलेल्या उत्तरातून ते कळत होतं.

दुसरा आक्षेप इंग्रजीचा. चांगली ठिकाणं इंग्रजीत आहेत आणि तिथे अमेरिका-युरोपच्या इतिहासाला जेवढे जाणकार भेटतात तेवढे दख्खनच्या इतिहासाला भेटत नाहीत. हे खरं आहे. भातवडीच्या लढाईवर किंवा निजामशाहीच्या महसुलावर प्रश्न विचारून महिनाभर वाट पाहावी लागू शकते. पण याचा दोष त्या ठिकाणांना देता येत नाही. उत्तर देणारी माणसं आपल्यातून जायला हवीत. मराठीतून ज्यांनी वाचलंय, त्यांनी मोडक्या इंग्रजीत का होईना, लिहायला हवं. त्याहून चांगलं म्हणजे तेच नियम मराठीत आणायला हवेत.

हे अवघड आहे, पण परकं नाही. वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला. गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यावरची दप्तरं उघडून त्यांनी असे बावीस खंड उभे केले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं. सभासदांनी कागद आणायचे, वाचून दाखवायचे, बाकीच्यांनी शंका घ्यायच्या. जाणकारांच्या कडक जागेची कल्पना आपल्याकडे इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून आहे. त्याच मंडळात ग. ह. खरे यांनी ऐतिहासिक फारसी साहित्याचे खंड संपादित केले. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनं मराठीत आणली. हे लोक फारसी शिकले, कारण त्याशिवाय मराठ्यांचा इतिहास लिहिता येत नाही हे त्यांना कळलं होतं. आज महाराष्ट्रात फारसी वाचणारे किती उरलेत? आमच्या मदरशांत मुलं थोडीफार फारसी अजून शिकतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की या भाषेत त्यांच्याच मातीचा इतिहास पडून आहे. आणि मोडीचे वर्ग करून बसलेली मराठी मुलं आहेत, त्यांना फारसी वाचणारा मित्र हवा आहे. या दोघांची गाठ कुठल्या माध्यमावर पडेल? जिथे पहिलं वाक्य ‘तुमचा इतिहास’ असं असतं, तिथे नाही पडणार.

आमच्यापुरता आम्ही एक छोटा उपाय केला आहे. आठ जणांचा ईमेलवरचा गट. एक निवृत्त शिक्षक, त्यांना मोडी येते. एक मौलाना, त्यांना फारसी येते. एक औषध दुकानदार, त्यांच्याकडे जुन्या गॅझेटियरचा संग्रह आहे. एक ताई परदेशातून लिहितात, त्यांना तिथल्या ग्रंथालयांत शिरता येतं. नियम चारच. प्रश्न हा प्रश्नच असावा, आरोप नसावा. जे सांगाल ते कुठे वाचलं ते सांगा. ‘माहीत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. आणि एका दिवसात उत्तर द्यायला बंदी, किमान एक रात्र मध्ये जाऊ द्यायची. चौथा नियम सगळ्यात उपयोगी ठरला. रात्र गेली की निम्मा आवेश जातो.

मालोजीराजांच्या मुलांच्या नावाचा माझा जुना प्रश्न मी तिथे विचारला. याच प्रश्नावरून एकदा समाजमाध्यमावर मला दिवसभर झोडपलं होतं. इथे तीन आठवड्यांत त्याची नीट चाळणी झाली. शहाजी आणि शरीफजी ही नावं पक्की. शरीफजी १६२४च्या भातवडीच्या लढाईत पडले, हेही पक्कं. नगरच्या शाह शरीफ या पीराला केलेल्या नवसावरून ही नावं ठेवली, ही कथा मात्र बखरींच्या परंपरेतून येते, म्हणून ती कथा म्हणूनच सांगावी. तीन वाक्यं, तीन वेगवेगळ्या वजनांची. कुणाचा अपमान झाला नाही, कुणाचा विजयही झाला नाही.

आणि शेवटी मी त्या गटात तो ट्रंकेतला कागद पाठवला.

गुरुजींनी तो वाचायला पंधरा दिवस घेतले. मग एक लांब पत्र आलं. सुरुवातीलाच त्यांनी लिहिलं होतं, ‘तुम्हाला कदाचित वाईट वाटेल.’ तो कागद महाराजांच्या हातचा नव्हता. पेशवाईतलाही नव्हता. पेशवाईतल्या पत्रांवर चांद्र महिन्याची तारीख असते, मोहरम, सफर, रमजान अशी, आणि सुहूर सन असतो. या कागदावर इसवी सन होता, १८५६. ती इनाम कमिशनपुढे दिलेल्या कैफियतीची नक्कल होती. इंग्रजांनी १८५२च्या कायद्याने नेमलेल्या या कमिशनने कुणाची इनामं खरी, कुणाची खोटी याची चौकशी चालवली होती, आणि आमचा एक पूर्वज त्या साहेबापुढे उभा राहून सांगत होता की ही जमीन आमच्याकडे फार जुनी आहे, गावची मुलाणकी आम्ही चालवतो, आणि मूळ सनद घराला आग लागली तेव्हा जळाली.

मूळ सनद जळाली. तेवढं एक वाक्य चार पिढ्यांत फिरत फिरत ‘ही ती सनद’ असं झालं होतं. कुणी खोटं बोललं नव्हतं. फक्त कुणी वाचलं नव्हतं.

अब्बांना हे कसं सांगायचं, याचा मी आठवडाभर विचार केला. त्यांचं वय आता ब्याऐंशी. आयुष्यभर ज्या कागदाला त्यांनी दोन्ही हातांनी उचललं, तो महाराजांचा नाही, एका घाबरलेल्या शेतकऱ्याचा जबाब आहे, हे सांगायचं होतं. शेवटी जुम्म्याच्या नमाजानंतर त्यांच्याजवळ बसलो आणि गुरुजींचं पत्र ओळ न ओळ वाचून दाखवलं.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘पूर्वजाचं नाव काय लिहिलंय?’

मी नाव सांगितलं. आमच्या घरात ते नाव कुणालाच माहीत नव्हतं. महाराजांच्या सनदेच्या गोष्टीत त्या माणसाला जागाच नव्हती. अब्बांनी ते नाव दोनदा उच्चारलं. मग म्हणाले, ‘तो साहब के सामने अकेलाच खडा रहा होंगा ना रे?’

त्यांनी कागद परत मागितला आणि शालूखाली ठेवला. सोबत गुरुजींच्या पत्राची छापील प्रतही ठेवायला लावली.